गावातली बँक शाखा बंद होतेय : खातं, अनुदान, कर्ज आणि मोबाइल बँकिंग यांची घडी कशी बसवायची

‘ही शाखा अमुक तारखेपासून तमुक शाखेत विलीन होत आहे’ असा कागद शाखेच्या दाराला लागला की काही जण त्याच दिवशी सगळे पैसे काढून आणतात आणि बाकीचे ‘बघू पुढं’ म्हणून विषय सोडून देतात. दोन्ही करू नका. शाखा विलीन झाली म्हणून पैसे बुडत नाहीत, खातं हिशेबासकट नव्या शाखेकडे जातं. अडचण होते ती अर्धवट कागदांमुळे: खात्याला लागलेला जुना मोबाइल नंबर, न जोडलेलं आधार, मुदत संपलेली केवायसी (ओळख आणि पत्त्याची पडताळणी). काउंटर गावात आहे तोवर ही कामं तासाभरात होतात. तेच काउंटर तालुक्याला गेलं की एका सहीसाठी एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी जाते. म्हणून आधी शाखेतली कामं उरकायची आणि मग मोबाइल हातात घ्यायचा. हा क्रम उलटा झाला की यूपीआय पहिल्याच पायरीवर अडतं आणि मग ‘ऑनलाइन आपल्याला जमत नाही’ असा गैरसमज होऊन बसतो.

मराठवाड्यात हे पहिल्यांदा घडत नाही. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली, तेव्हा एकाच बाजारपेठेत एकाच बँकेच्या दोन-दोन शाखा झाल्या आणि त्यातल्या काही एकत्र करण्यात आल्या. जुनी मंडळी अजूनही ‘हैदराबाद बँक’च म्हणतात. पुढं १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक बडोदा बँकेत गेल्या, तर १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद, ओरिएंटल, युनायटेड या बँकांची नावं संपली. मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्येच महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामावली गेली, आणि १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँकही तिच्यात आली. मुख्यालय छत्रपती संभाजीनगरलाच आहे. कपाटात अशा बंद नावांची पासबुकं पडून असतील तर तीही आत्ताच बाहेर काढा. त्यांचं काम याच फेरीत होईल.

नोटीस नीट वाचा

नोटिशीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तिच्यात चार गोष्टी बघायच्या: शाखा विलीन होतेय, दुसऱ्या जागी हलतेय की पूर्ण बंद होतेय, खाती कोणत्या शाखेकडे जाणार, कोणत्या तारखेपासून, आणि नवा आयएफएससी कोड काय. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. त्यामुळे शाखा बदलली की शेवटचे सहा बदलतात आणि बँकच बदलली तर सगळा कोड बदलतो. एकाच बँकेच्या दोन शाखा एकत्र येतात तेव्हा खाते क्रमांक सहसा तोच राहतो, तरी गृहीत धरू नका. व्यवस्थापकाला सरळ विचारा, आणि उत्तर ‘बदलेल’ असं आलं तर नवा क्रमांक पासबुकावर छापून घ्या.

लॉकर असेल तर नियम जास्त कडक आहे. शाखा बंद करताना, विलीन करताना किंवा हलवताना बँकेने दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्यायची असते (त्यातलं एक स्थानिक भाषेतलं) आणि लॉकरधारकाला किमान दोन महिने आधी कळवून लॉकर बदलण्याचा किंवा सोडण्याचा पर्याय द्यायचा असतो. दागिने असलेला लॉकर दुसऱ्या शाखेत हलवताना स्वतः हजर राहा.

शेवटच्या आठवड्यांत काउंटरवर करून घ्यायची कामं

सोबत मूळ आधार, पॅन, पासबुक, दोन फोटो आणि आधार-पॅनच्या सही केलेल्या दोन-दोन झेरॉक्स न्या. बाजाराचा दिवस आणि महिन्याचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा पेन्शन आणि निराधारच्या पैशांची गर्दी असते.

सगळ्यात आधी मोबाइल नंबर. खात्याला कोणता नंबर लागलाय हे घरबसल्या तपासता येतं. बँकेचा शिल्लक सांगणारा मिस्ड कॉल नंबर पासबुकावर किंवा बँकेच्या संकेतस्थळावर असतो. त्यावर आपल्या नंबरवरून मिस्ड कॉल द्या. शिल्लक सांगणारा एसएमएस आला तर नंबर बरोबर आहे. आला नाही, किंवा ‘नोंदणी नाही’ असं आलं, तर त्याच दिवशी अर्ज भरून नंबर लावून घ्या. बऱ्याच घरांत आई-वडिलांच्या खात्याला पुण्यात राहणाऱ्या मुलाचा नंबर लावलेला असतो. दरवेळी ओटीपी पुण्याला जातो, मुलगा ड्युटीवर असतो आणि इकडं काम अडतं. खातं ज्याचं, सिम त्याच्याच घरात असलं पाहिजे. आणि ते सिम जिवंत ठेवा. साधारण ९० दिवस वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि नंतर तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हे फार होतं. सहा महिने कारखान्यावर काढून माणसं गावी येतात तेव्हा बँकेला लावलेला नंबर मेलेला असतो.

दुसरं काम आधारचं, आणि इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. खात्याला आधार दोन कारणांसाठी लागतं. अंगठा लावून पैसे काढायचे असतील तर त्या-त्या बँकेत आधार जोडलेलं असावं लागतं. हे दोन-तीन बँकांत एकाच वेळी असू शकतं. सरकारी अनुदान मात्र एनपीसीआय (यूपीआय आणि आधारवरचे व्यवहार चालवणारी संस्था) हिच्या यादीत तुमच्या आधारसमोर ज्या एकाच बँकेचं नाव आहे तिथंच जमा होतं, आणि सर्वांत शेवटी जिथं संमती दिली तीच बँक तिथं लागते. दुकानात सिम घेताना किंवा कॅम्पमध्ये ‘झिरो बॅलन्स खातं’ उघडताना अंगठा दिला आणि पीएम किसानचे पैसे त्या नव्या खात्यात जाऊ लागले, असं सर्रास घडतं. ‘माझे पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्यांचे पैसे बऱ्याचदा दुसऱ्याच खात्यात पडलेले असतात. आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ (आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते) बघा. तिथं बँकेचं नाव दिसतं, खाते क्रमांक दिसत नाही. नको ती बँक दिसली तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या. एनपीसीआयच्या संकेतस्थळावरही ग्राहकांसाठी ही सोय आहे, पण काउंटर समोर असताना अर्जावर पोच घेणं जास्त खात्रीचं.

आधारवरचं आणि पासबुकातलं नाव जुळतंय का तेही तिथंच बघा. लग्न झालेल्या बाईचं पासबुक माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल तर सीडिंग परत येतं आणि ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये अडकतात. आडनाव आधी की नंतर, ‘बाई’ किंवा ‘राव’ जोडलंय की नाही, असल्या फरकानेही अर्ज फिरतो. बँकेतलं नाव आधारप्रमाणे करून घेणं हाच सोपा रस्ता.

केवायसी कमी जोखमीच्या खात्याला दर १० वर्षांनी नव्याने द्यावी लागते. गावाकडची बहुतेक बचत खाती याच प्रकारात येतात. पत्ता वगैरे काहीच बदललेलं नसेल तर साधं स्वयंघोषणापत्र पुरतं, आणि जून २०२५ पासून ते बँक मित्राकडेही (गावात बँकेच्या वतीने व्यवहार करणारा प्रतिनिधी) देता येतं. दोन वर्षं स्वतः काहीच व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय होतं. ते सुरू करायला बँक शुल्क घेऊ शकत नाही. १० वर्षं हात न लागलेल्या खात्याचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होतात, पण हक्क जात नाही. वारसालाही ते मागता येतात, आणि अशी खाती ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून शोधता येतात.

याच फेरीत वारसाचं नाव तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. एटीएम कार्ड नसेल तर अर्ज करा, पासबुकात शेवटपर्यंतची एन्ट्री मारून घ्या आणि नव्या कोडचं चेकबुक मागा. जुन्या कोडचे चेक किती तारखेपर्यंत चालतील ते लिहून घ्या. कुणाला पुढच्या तारखेचे चेक दिले असतील (ट्रॅक्टरचा हप्ता, कृषी दुकानदाराची उधारी) तर ते बदलून द्या. तो चेक परत गेला तर दंड आणि भांडण दोन्ही तुमच्या माथी येईल.

बचत गटांनी वेगळा विचार करावा. गटाचं खातं अध्यक्ष आणि सचिव अशा दोघींच्या सहीने चालतं आणि अशा खात्याला साधं यूपीआय मिळत नाही. काही बँकांत दोन जणींनी अंगठा लावून बँक मित्राकडे व्यवहार करता येतो. आपल्या बँकेत ती सोय आहे का हे शाखा असतानाच विचारा. नसेल तर चेकबुक हाताशी हवं आणि सह्या करणाऱ्या दोघींपैकी कुणी गाव सोडलं असेल तर ठराव करून सही आत्ताच बदला. नवरा-बायकोचं संयुक्त खातं ‘दोघांपैकी कुणीही’ या पद्धतीचं असेल तर यूपीआय चालतं, ‘दोघांनी मिळून’ असेल तर चालत नाही. ही पद्धत बदलायला दोघांच्या सह्या लागतात.

कोड बदलला तर कुठं कळवायचं

पीएम किसान, नमो शेतकरी, निराधार, शिष्यवृत्ती असे आधारवरून येणारे पैसे शाखा बदलल्याने थांबत नाहीत, कारण त्यांना आयएफएससी लागतच नाही. कोड लागतो तो खाते क्रमांकावर येणाऱ्या पैशांना: साखर कारखान्याचं उसाचं बिल, दूध संकलन केंद्र, सोयाबीन-तुरीची हमीभाव खरेदी, आडत दुकान, मुलाची पगारी नोकरी, विमा कंपनी. एका कागदावर अशी नावं लिहा आणि प्रत्येकाकडे नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स द्या. विलीनीकरणानंतर काही काळ जुना कोडही चालतो, म्हणून लोक निवांत राहतात आणि नेमका कारखान्याचा दुसरा हप्ता परत जातो. जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे ४३६ आणि २० रुपये मे महिन्याच्या अखेरीला खात्यातून कापले जातात. विलीनीकरण त्याच दिवसांत असेल तर जूनमध्ये एन्ट्री तपासा, कारण हप्ता चुकला तर संरक्षण जातं.

पीक कर्ज आणि सातबाऱ्यावरचा बोजा

कर्ज खातंही नव्या शाखेकडे जातं, पण गावातला ओळखीचा शिपाई किंवा साहेब आता ‘नवं-जुनं (जुनं कर्ज भरून नवं उचलणं) करून घ्या’ म्हणून निरोप देणार नाही. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर मूळ व्याज ७ टक्के असतं आणि वेळेत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सवलत मिळते. तारीख चुकली की ती सवलत जाते. म्हणून देय तारीख व्यवस्थापकाकडून लिहून घ्या आणि मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीचा गजर लावा. कर्ज फेडताना बचत खात्यात पैसे टाकून ‘आपोआप वळते होतील’ असं समजू नका. कर्ज खात्याच्या क्रमांकावर एनईएफटी (एका खात्यातून दुसऱ्या खात्यात थेट पैसे पाठवणं) करा आणि दुसऱ्या दिवशी तपासा.

बोजाची, म्हणजे जमिनीवर नोंदलेल्या कर्जाची, गोष्ट बऱ्याच जणांना जमीन विकायच्या वेळी कळते. सातबाऱ्याच्या इतर हक्कात जुन्या बँकेचं, जुन्या शाखेचं नाव असतं. कर्ज फिटल्यावर नवी शाखा बेबाकी (कर्ज पूर्ण फिटल्याचं) प्रमाणपत्र देते, पण त्यावर नवंच नाव असल्याने फेरफार घेताना प्रश्न येतो. म्हणून प्रमाणपत्रात ‘पूर्वीची अमुक बँक, अमुक शाखा, आता या शाखेत विलीन’ हे वाक्य, गट नंबर आणि बोजाची मूळ रक्कम लिहून मागा. बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा ‘ई-हक्क’ प्रणालीवरून करता येतो. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून खात्री करा. आधीच फिटलेलं पण सातबाऱ्यावर राहिलेलं कर्ज असेल तर त्याचं प्रमाणपत्र शाखा बंद व्हायच्या आत घ्या. जुन्या खातेवहीतून ते शोधणारा माणूस याच शाखेत बसलेला असतो.

यूपीआय सुरू करताना

अ‍ॅप कोणतंही चालेल. नव्याने शिकणाऱ्याला भीम बरं, त्यात जाहिराती आणि कर्जाची आमिषं कमी आणि मराठीही आहे. प्ले स्टोअरमधूनच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाइलमधून कधीच नाही.

अ‍ॅप उघडलं की ते तुमच्या सिमवरून एक एसएमएस आपणहून पाठवतं. बहुतेकांचं काम इथंच अडतं आणि कारणं ठरलेली असतात. रिचार्ज संपलेला असतो, किंवा पॅकमध्ये एसएमएस नसतो. दोन सिमच्या फोनमध्ये चुकीचं सिम निवडलं जातं. वायफाय चालू असतं पण सिमला रेंज नसते. बँकेला लावलेलं सिम दुसऱ्याच, साध्या फोनमध्ये असतं. एसएमएससह रिचार्ज करा, तेच सिम या फोनमध्ये घाला आणि रेंज असेल तिथं, गच्चीवर किंवा रस्त्याच्या कडेला, उभं राहून पुन्हा करा.

मग बँक निवडा. बँकेचं आताचं नाव शोधायचं, पासबुकावरचं जुनं नाही. खातं दिसलं की पिन तयार करायचा. एटीएम कार्ड असेल तर त्याचे शेवटचे सहा अंक आणि मुदत टाका. कार्ड नसेल तर आधार ओटीपीचा पर्याय निवडून आधारचे पहिले सहा अंक टाका. यासाठी आधारला आणि बँकेला एकच मोबाइल नंबर हवा. दोन ओटीपी येतात, एक आधारचा, एक बँकेचा. पिन चार किंवा सहा अंकी असतो. जन्मसाल, गाडीचा नंबर, १२३४ असलं काही ठेवू नका, आणि पासबुकावर किंवा कव्हरच्या आत लिहूनही ठेवू नका. पिन तीनदा चुकला तर सहसा २४ तासांसाठी बंद होतो. घाबरून नवं अ‍ॅप टाकू नका, थांबा.

पहिल्या २४ तासांत साधारण ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. बियाणं-खताचं मोठं बिल त्याच दिवशी भरायचं ठरवू नका. पहिला व्यवहार घरातल्याच कुणाला १ रुपयाचा करा. पाठवण्याआधी पडद्यावर समोरच्याचं बँकेत नोंदवलेलं नाव दिसतं, ते वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. किराणा, चहा, रिक्षा असल्या खर्चाला यूपीआय लाइट वापरा. त्यात एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात, जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात आणि पासबुक लहान-लहान नोंदींनी भरत नाही.

मोठ्या रकमेला, म्हणजे जमिनीचा बयाणा, ट्रॅक्टर किंवा बैलजोडीची खरेदी अशा वेळी, बँकेच्या मोबाइल अ‍ॅपमधून एनईएफटी करा. दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालतं आणि बचत खात्यावरून ऑनलाइन केलं तर शुल्क नसतं. २ लाखांच्या पुढे आरटीजीएस, ही मोठ्या रकमेसाठीची तशीच सोय. आता यातही पाठवण्याआधी समोरच्याचं नाव तपासता येतं. खाते क्रमांकात एक अंक चुकला तर पैसे अनोळखी माणसाला जातात आणि परत मिळणं त्याच्या संमतीवर अवलंबून राहतं.

साधा बटणाचा फोन असेल तरी मार्ग आहे. *९९# डायल करा, इंटरनेट लागत नाही, मराठी निवडता येते. शिल्लक बघणं, पैसे पाठवणं, पिन बदलणं एवढं होतं. एका वेळी ५,००० रुपयांची मर्यादा आहे. मेनू संथ असतो आणि मध्येच तुटला तर पुन्हा पैसे पाठवण्याआधी शिल्लक तपासावी, नाहीतर तीच रक्कम दोनदा जाते. बोलून व्यवहार करायची ‘यूपीआय १२३ पे’ ही सोयही आहे.

रोख हवी असेल तेव्हा : बँक मित्र, पोस्ट, एटीएम

शाखा गेल्यावर गावात उरतो तो बँक मित्र. त्याच्याकडे अंगठा लावून एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत निघतात, दिवसाची आणि महिन्याची मर्यादा बँक ठरवते. बहुतेक बँक मित्र प्रामाणिक आणि अडीनडीला धावणारे आहेत, पण फसवणूक होते ती इथंच, म्हणून व्यवहाराचा क्रम डोळ्यांखालून घाला. तो आधार क्रमांक टाकेल, बँक निवडेल, रक्कम टाकेल. अंगठा ठेवण्याआधी पडदा आपल्याकडे फिरवायला सांगा आणि रक्कम वाचा. वाचता येत नसेल तर सोबत पोराला न्या. ‘अंगठा घेतला नाही, परत ठेवा’ असं म्हटलं तर आधी पहिल्या प्रयत्नाचा निकाल पडद्यावर बघा, कारण पहिला व्यवहार झालेला असतानाच दुसरा अंगठा घेण्याची युक्ती जुनी आहे. पावती मागाच. तिच्यावर १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो आणि पुढची कुठलीही तक्रार त्या क्रमांकाशिवाय उभी राहत नाही. पैसे भरताना तर पावती आणि एसएमएस दोन्ही आल्याशिवाय उठू नका. वहीवर लिहून ‘संध्याकाळी टाकतो’ हे चालवून घेऊ नका. हजाराला दहा-वीस रुपये कापायचा अधिकार बँक मित्राला नाही. ग्राहकाकडून त्याने थेट शुल्क घ्यायचं नसतं, बँकेकडून त्याला कमिशन मिळतं.

ऊस तोडून, कापूस वेचून, सिमेंट कालवून बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र अंगठा घेत नाही. हात धुऊन कोरडे करा, बोटाला थोडं खोबरेल तेल लावून पुसा आणि मग ठेवा, दहाही बोटं वापरून बघा. कुठलंही चालतं. तरी जमत नसेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करा. अंगठ्याचे व्यवहार कधीच करत नसाल तर आधारच्या अ‍ॅपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. गरज पडली की काही मिनिटांसाठी उघडता येतं. आधारची मदतवाहिनी १९४७ मराठीत बोलते.

पोस्टाचा उपयोग लोक कमी करतात, तो वाढवायला हवा. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं यंत्र पोस्टमनकडे असतं. कोणत्याही बँकेतल्या आधार जोडलेल्या खात्याचे पैसे तो घरी येऊन देऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी यापेक्षा सोपं काही नाही. पेन्शनरांचा हयातीचा दाखलाही पोस्टमन घरी घेतो, किंवा ‘जीवन प्रमाण’ अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून मुलाच्या फोनवरून होतो. दरवर्षी नोव्हेंबर, आणि ८० पूर्ण केलेल्यांना ऑक्टोबरपासून. चेहरा दाखवताना उजेड समोरून हवा. पाठीमागं उघडं दार असेल तर तो वारंवार नाकारला जातो.

एटीएमचं सांगायचं तर आपल्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच आणि दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर पाच व्यवहार मोफत, त्यापुढे प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत अधिक कर. शिल्लक बघणंही मोजलं जातं, म्हणून ते मिस्ड कॉलवर करा.

आणि एक कळकळीची सूचना. बँकेने गाव सोडलं की त्याच गाळ्यात पतसंस्था किंवा मल्टिस्टेट सोसायटी येते, काउंटर तसंच, पासबुक तसंच, व्याज दोन टक्के जास्त. बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत अशा संस्थांत ठेवीदारांचे पैसे कसे अडकले ते सगळ्यांनी पाहिलंय. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो. ग्रामीण बँक, जिल्हा मध्यवर्ती बँक, नागरी सहकारी बँक यांनाही तो लागू आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्थेला तो नाही. मुलीच्या लग्नाचे पैसे तिथं ठेवू नका.

फसवणूक ओळखायची कशी

शाखा बंद होण्याची बातमी ठगांनाही कळते. ‘तुमचं खातं नव्या शाखेत न्यायचंय, केवायसी करा, ही फाइल उघडा’ असा निरोप येतो आणि फाइल उघडली की फोनमधले एसएमएस दुसऱ्याला दिसू लागतात. खातं वर्ग करायला ग्राहकाकडून ओटीपी लागत नाही, ते काम बँक आतल्या आत करते. बँकांची खरी संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात आणि बँकेचे सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवेत. गुगलवर कस्टमर केअर शोधू नका, नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घ्या.

पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर फोन करा, मग बँकेला कळवा आणि दोन्हीकडचे तक्रार क्रमांक लिहा. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर भार येत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपोटी दोन दिवस गप्प बसू नका.

पैसे अडकले, दाद कुणाकडे

एटीएम किंवा बँक मित्राच्या यंत्रावर खात्यातून रक्कम गेली पण रोख मिळाली नाही, तर पाच दिवसांत ती परत यायला हवी. यूपीआयवर कुणाला पाठवलेले पैसे पोचलेच नाहीत तर दुसऱ्या दिवशी. त्यापुढे बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. अर्जात संदर्भ क्रमांकासोबत या भरपाईचाही उल्लेख करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८.

शाखा जाऊच नये असं गावाला वाटत असेल तर कागद लागायची वाट बघू नका. १० हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावातली शाखा, किंवा निमशहरी गावातली एकमेव शाखा, बँकेला आपल्या मर्जीने बंद करता येत नाही. विषय जिल्हा सल्लागार समितीपुढे जावा लागतो. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि शाखा गेल्यावर गावाची बँकिंगची सोय काय, हे समितीने बघायचं असतं. छत्रपती संभाजीनगर आणि जालन्यात बँक ऑफ महाराष्ट्र, तर मराठवाड्याच्या बाकी जिल्ह्यांत स्टेट बँक ही अग्रणी बँक (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी) आहे. तिच्या अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाकडे ग्रामसभेचा ठराव द्या. ठरावात नुसता ‘विरोध’ लिहू नका. गावाची आणि आसपासच्या वाड्या-तांड्यांची लोकसंख्या, पीक कर्जदार, बचत गट, निराधार लाभार्थी किती, पुढची शाखा किती किलोमीटरवर, तिकडं दिवसाला एसटीच्या फेऱ्या किती, हे लिहा. शाखा राहणारच नसेल तर मागण्याही ठोस करा: ठरलेल्या वारी-वेळी बसणारा बँक मित्र, पासबुक छापायचं यंत्र, बाजाराच्या दिवशी फिरती बँक गाडी. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला, एक बँकेच्या विभागीय कार्यालयाला, आणि दोन्हीकडून शिक्क्याची पोच घ्या. समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा होते, तिची तारीख अग्रणी व्यवस्थापकाच्या कार्यालयात विचारली की कळते.